घागर मोर्चा आणि चावी: हद्दवाढ भागातल्या एका वसाहतीचं प्रकरण

वसाहत सोलापूरच्या अक्कलकोट रोडकडची, १९९२ च्या हद्दवाढीत शहरात आलेली. पुढच्या भागात ४०० घरं, मागे ओढ्याच्या बाजूला आणखी १५०. पुरुष यंत्रमागावर, टॉवेलच्या कारखान्यात. बायका घरी विड्या वळतात. एका गल्लीत तेलुगू, कन्नड, उर्दू आणि मराठी चारही भाषा ऐकू येतात. एक गोष्ट आधीच सांगायला हवी. ही वसाहत आणि इथला नेता एका ठिकाणचे नाहीत. अशा भागांत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी जुळवून हे नमुना प्रकरण उभं केलं आहे. शहराच्या पाण्याची माहिती मात्र आहे तशी दिली आहे. नेत्याला इथे अण्णा म्हटलं आहे, कारण अशा माणसाला वसाहतीत हाक मारतात तीच.

काळ २०२४ च्या उन्हाळ्याचा. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. म्हणजे दोन वर्षांहून जास्त काळ वसाहतीला नगरसेवकच नव्हता. नळ कोरडा पडला तर ज्याच्या दारात जायचं, ते दारच बंद. अण्णा मोठा झाला तो याच पोकळीत.

राग कशाचा होता

सोलापूरला पाणी मुख्यतः तीन ठिकाणांहून येतं. उजनीतून जलवाहिनीने थेट. भीमा नदीत सोडलेलं पाणी बंधाऱ्यात अडवून टाकळीहून उपसा करून. आणि थोडं हिप्परग्याच्या ब्रिटिशकालीन तलावातून. उजनीची एकूण साठवण ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), पण त्यातला ६३.६६ टीएमसी मृतसाठा. त्याच्या खाली पाणी गेलं की बातमी येते, ‘उजनी मायनसमध्ये’. २०२४ च्या उन्हाळ्यात धरण उणे ५९ टक्क्यांपर्यंत उतरलं. पाणी पंपांपासून लांब सरकलं की दुबार पंपिंग करावं लागतं, म्हणजे आधी एका पंपाने पाणी चारीत आणायचं आणि तिथून मुख्य पंपाने उचलायचं. त्यात वीज गेली, जलवाहिनी फुटली, की शहराचं रोटेशन एक दिवस पुढे. चार दिवसांआड येणारं पाणी मग सहाव्या दिवशी येतं, तेही रात्री दोनला.

पाच माणसांच्या घराचा हिशेब सरळ आहे. शहरी पुरवठ्याचं मानक माणशी रोज १३५ लिटर. पाच दिवसांसाठी अशा घराला ३,३७५ लिटर लागतील. वसाहतीत बहुतेकांकडे २०० लिटरचे दोन बॅरल, चार-पाच घागरी आणि फार तर ५०० लिटरची एक टाकी. म्हणजे पाणी वेळेवर आलं तरी पाच दिवसांचं साठवायला घरात जागाच नाही. पाण्याची पाळी एक दिवस चुकली की दोन बॅरलच्या घरात सकाळी चहाला पाणी नसतं. बाई रात्रभर जागते आणि सकाळी विड्या कमी वळल्या जातात, मग मजुरीला चाट बसते. हा राग खरा आहे, पोटातून आलेला आहे. पुढे जे लिहिलं आहे ते वाचताना हे विसरून चालणार नाही.

सहाव्या दिवशीची सकाळ

पाणी पाचव्या दिवशी यायला हवं होतं, आलं नाही. अण्णा पाचव्या दिवशी फिरकला नाही. सहाव्या दिवशीही सकाळी सातला नाही, अकराला आला. तोवर बायकांची आपसात भांडणं झाली होती, दोन पुरुष कामावर न जाता थांबले होते, आणि कुणीतरी टायर आणून ठेवला होता. राग पिकू द्यायचा आणि मग यायचं, हे त्याला नीट कळतं. लवकर आलं तर लोक प्रश्न विचारतात, उशिरा आलं तर मार्ग मागतात.

तो गाडीतून उतरला आणि पहिल्यांदा एका म्हाताऱ्या बाईची रिकामी घागर स्वतःच्या हातात घेतली. “अक्का, किती दिवस झाले?” तिने सांगितलं. त्याने तो आकडा मोठ्याने परत म्हटला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. पुढची पाच मिनिटं तो फक्त ऐकत होता, आणि ही त्याची खरी ताकद आहे. कार्यालयात कुणी एवढं ऐकून घेत नाही. मग बोलला तो एकाच माणसाविषयी: भागाच्या कनिष्ठ अभियंत्याविषयी. “तुमच्या नळाला थेंब नाही आणि साहेब फोन उचलत नाहीत. दोन तासांत पाणी आलं नाही, तर साहेबाला याच घागरीने आंघोळ घालतो!”

टाळ्या पडल्या. उजनी, दुबार पंपिंग, जलकुंभाची क्षमता यांतला एक शब्दही त्याच्या तोंडून निघाला नाही. धरणाला शिवी देऊन समाधान होत नाही, समोर तोंड लागतं. आणि ते तोंड असं निवडायचं, की ज्याच्या हातात निर्णय नाही पण जो रोज लोकांना दिसतो. निधी मंजूर करणारे आणि समांतर जलवाहिनीचं काम रखडवणारे या सकाळी कुठेच नव्हते. उजनीपासूनची १७० एमएलडीची (रोज १७ कोटी लिटरची) ती वाहिनी किती वर्षं बोलण्यात होती, पहिला ठेका रद्द होऊन पुन्हा निविदा का काढावी लागली, हे विचारलं असतं तर राग योग्य दारात गेला असता. पण त्या दारात जाऊन दोन तासांत काही होत नाही, आणि अण्णाला दोन तासांत काहीतरी घडलेलं दाखवायचं होतं.

मोर्चा महापालिकेच्या इमारतीवर, इंद्रभुवनावर गेला. साठेक बायका, दोन टेम्पो, पुढे घागरी. फाटकासमोर पाच घागरी फोडल्या. त्या मातीच्या होत्या, खास आणलेल्या. घरातली स्टीलची घागर कुणी फोडत नाही. चाळीस सेकंदांचा व्हिडिओ निघाला. निवेदनावर नऊ मागण्या होत्या. आत अण्णा आणि दोन माणसं गेली, बायका बाहेर उन्हात थांबल्या. आत काय बोलणं झालं त्याची नोंद कुठेच नाही. अर्ध्या तासाने तो बाहेर येऊन म्हणाला, “पाणी सुटलंय, घरी चला.”

आणि दुपारी सव्वाला पाणी खरंच आलं.

दोन तास त्याला कसे माहीत होते

वसाहतीला जे कळलं नाही ते हे. आदल्या रात्री मुख्य वाहिनीची दुरुस्ती संपली होती. पहाटे जलकुंभ भरायला लागला होता. जलकुंभ भरायला किती तास लागतात आणि मग कुठल्या भागाचा व्हॉल्व्ह आधी उघडायचा, हे चावीवाल्याला, म्हणजे व्हॉल्व्ह उघडबंद करणाऱ्या माणसाला माहीत असतं. चावीवाला अण्णाच्या ओळखीचा. दुपारी एकच्या सुमारास पाळी लागणार, हे अण्णाला सकाळी घरातून निघण्याआधीच कळलं होतं. म्हणून तो अकराला आला आणि म्हणून दोन तासांची मुदत दिली. त्याच्या हाती पाण्याचं वेळापत्रक होतं, आणि वसाहतीत ते दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. जे पाणी तसंही येणार होतं, ते त्याने ‘आणलं’.

या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. भाषण, घागरी, व्हिडिओ हे सगळं या एका माहितीवर उभं आहे. हेच वेळापत्रक आदल्या रात्री गल्लीच्या तोंडावरच्या फळ्यावर लिहिलं असतं, तर मोर्चाला बायका निघाल्या असत्या, पण जाब विचारायला. अण्णाच्या मागे नाही.

अर्धा तास

मोर्चाच्या यशानंतर दुसरी गोष्ट सुरू झाली, जास्त नुकसानीची. आत काहीतरी ठरलं असावं किंवा चावीवाल्यावर दबाव आला असावा. पण त्या पाळीपासून पुढच्या भागाला तीन तासांऐवजी साडेतीन तास पाणी मिळू लागलं.

हिशेब करून पाहू. पुढच्या ४०० घरांची वाहिनी आठ इंची, म्हणजे २०० मिलिमीटर. पाण्याचा वेग सेकंदाला एक मीटर धरला तर तासाला सुमारे १ लाख १३ हजार लिटर. तीन तासांत ३ लाख ३९ हजार. घरटी साडेआठशे लिटर. वाढीव अर्ध्या तासात ५६ हजार लिटर, म्हणजे घरटी १४० लिटर. सात-आठ घागरी. पाच दिवसांत सात-आठ घागरी जास्त मिळणं ही बाईच्या दृष्टीने फार मोठी गोष्ट असते, ती उगाच अण्णाचं नाव घेत नाही.

पण जलकुंभातलं पाणी तेवढंच. मागच्या १५० घरांना सहा इंची वाहिनीतून दोन तास पाणी मिळायचं. त्यांच्या वाट्याचे ते ५६ हजार लिटर कापले गेले. घरटी जवळपास पावणेचारशे लिटर. म्हणजे पुढे सात-आठ घागरींचा आनंद आणि मागे दोन बॅरलांची तूट. प्रत्यक्षात तूट सगळ्यांना सारखी पडत नाही. जलकुंभातली पातळी उतरली की दाब कमी होतो, मग ओढ्यालगतच्या शेवटच्या गल्लीत नुसती हवा येते. दाब कमी झाला की लोक नळाला मोटार लावून पाणी ओढतात, एकाने लावली की शेजाऱ्याला लावावीच लागते, आणि शेवटचा नळ पूर्ण मरतो. महापालिकेचं पथक मोटारी जप्त करायला आलं तेव्हा अण्णाच आडवा आला: “गरिबाची मोटार उचलू देणार नाही.” पुढच्या भागातल्या मोटारी वाचल्या. मागची गल्ली आणखी कोरडी झाली.

व्हॉल्व्हची एक बारकी गोष्ट इथे सांगायला हवी, कारण बाहेरच्या माणसाला ती दिसत नाही. आठ इंची स्लुईस व्हॉल्व्ह पूर्ण उघडायला टी-चावीचे साधारण २५-२६ आटे द्यावे लागतात. पण पाणी आट्यांच्या प्रमाणात वाढत नाही. पहिल्या सात-आठ आट्यांतच बराचसा प्रवाह सुरू होतो, पुढचे आटे थोडंथोडंच वाढवतात. बंद करतानाही तसंच: शेवटचे आटे पिरगळेपर्यंत पाणी फारसं घटत नाही. म्हणून चावीवाला व्हॉल्व्ह ‘बंद केला’ म्हणून निघून गेला आणि चार-पाच आटे ठेवून गेला, तर पुढच्या भागात पाणी हळूहळू चालूच राहतं. रजिस्टरमध्ये वेळ बरोबर लागते, पाणी मात्र चुकीच्या गल्लीत जातं. त्याला एकट्याला दोष देणं बरोबर नाही. तो बहुधा कंत्राटी असतो आणि रात्री दोनला रस्त्यावर एकटा.

टँकर

अर्ध्या तासाचं पाणी म्हणजे दहा हजार लिटरचे साडेपाच टँकर. पण व्हॉल्व्हजवळ उभं राहून कुणी फोटो काढत नाही. टँकरवर फोटो लावता येतो. म्हणून मागच्या गल्लीत बोंब सुरू झाल्यावर अण्णाने तिथे टँकर पाठवला: पाच हजार लिटरचा, दिवसाआड एक. घरटी २०० लिटरच्या हिशेबाने एका टँकरमध्ये २५ घरं होतात. १५० घरांना सहा खेपा लागतात. दिवसाआड एक खेप म्हणजे घराची पाळी बारा दिवसांनी. टँकर कुठल्या टोकाला थांबेल हे अण्णाचा पोरगा फोनवर ठरवायचा. ज्या घरातून मोर्चाला बाई आली नव्हती, त्या घरापर्यंत पाइप पोचायचा नाही. थोडक्यात, ज्यांचं पाणी त्याच्यामुळे गेलं होतं त्यांनाच तो पाणी देत होता, आणि ते हात जोडत होते.

पुढे हीच खेप महापालिकेच्या टंचाई निवारणात बसवता आली तर बिल निघतं. अशा बिलांत गडबड होते ती ठरलेल्या जागी. पाच हजारांचा टँकर दहाचा दाखवणे. एकच खेप दोन गल्ल्यांच्या नावावर लावणे. खेपेच्या पावतीवर रहिवाशाऐवजी कार्यकर्त्याची सही. दुसरा धंदा छोट्या वाहिन्यांचा: एकाच रस्त्याच्या पाइपलाइनचे तुकडे पाडायचे, म्हणजे ई-निविदेची मर्यादा ओलांडली जात नाही आणि कामं ओळखीच्यांत वाटता येतात. तुकड्या-तुकड्याने टाकलेली वाहिनी जोडांवर गळते. गळती झाली की पुन्हा पाणी कमी, पुन्हा मोर्चा.

म्हणजे राग विझणं अण्णाला परवडत नाही. निवेदनातल्या नऊ मागण्यांत मागच्या भागासाठी स्वतंत्र जलकुंभाची मागणी होती, चौथ्या क्रमांकावर. तिचा पाठपुरावा त्याने एकदाही केला नाही. जलकुंभ झाला असता तर पाणी चावीवाल्यावर अवलंबून राहिलं नसतं, आणि अण्णावरही नाही.

सोलापूरला रागाची ओळख नवी नाही

या गावाने १९३० च्या मे महिन्यात इंग्रजांचा अंमल झुगारला, त्याबद्दल मार्शल लॉ सोसला, आणि १२ जानेवारी १९३१ ला चार हुतात्मे दिले: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे. नंतर गिरण्यांचे संप पाहिले, गिरण्या बंद पडताना पाहिल्या. रागातून टिकाऊ काही उभं राहतं याचा दाखला लांब शोधायला नको, वसाहतीतल्याच कित्येक बायकांचे नातेवाईक कुंभारीला राहतात. तिथली गोदूताई परुळेकर वसाहत विडी कामगार बायकांच्या दहा हजार घरांची. ती चळवळ चालवणाऱ्या पक्षाशी कुणाचं पटो न पटो. मोर्चे तिथेही निघाले, घोषणा तिथेही झाल्या. पण तिथे मागणी ठरलेली होती, सभासदांची यादी होती, हप्ता भरला जात होता. मोर्चा संपल्यावर बाईच्या हातात काय राहतं, तिथे फरक पडतो. इथे बाईच्या हातात रिकामी घागर राहिली आणि व्हिडिओ अण्णाच्या मोबाइलमध्ये गेला.

लोक त्याला भुलतात असं म्हणणं अन्याय आहे. वसाहतीतली बाई अडाणी नाही. अण्णा स्वतःचं बघतो हे तिला माहीत आहे. एकीने सरळच सांगावं तसं: “खाऊ दे की. पण येतो तर. बाकीचे येतात तरी का?” कार्यालयात तक्रार क्रमांक मिळतो, अण्णाकडे तोंडावर उत्तर मिळतं. ज्या यंत्रणेचं तोंड दिसत नाही, तिच्याशी लढताना माणूस दिसणाऱ्या तोंडाच्या मागे जातो. अण्णाला नावं ठेवून हे बदलत नाही.

शेवटच्या गल्लीची नोंद

बदल झाला तो थोडा, आणि तोही सरळ झाला नाही. शेवटच्या गल्लीतल्या दोघी बायकांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर पाणी लिहायला सुरुवात केली. विडी कामगाराला नोंदीची सवय असते. रोज वळलेल्या विड्यांचा हिशेब पुस्तकावर चढतो. त्यांनी तारखेच्या चौकटीत तीन गोष्टी लिहिल्या: पाणी कधी आलं, कधी गेलं, बॅरल किती भरला. पुढच्या भागातल्या एका नात्यातल्या मुलीने तिथल्या वेळा लिहिल्या. आठ पाळ्या लिहिल्यावर दिसलं की पुढचं पाणी दर वेळी मागच्या पाळीच्या वेळेत अर्धा तास घुसतं.

पहिली चूक इथे झाली. ही नोंद घेऊन त्या अण्णाकडेच गेल्या. तो म्हणाला, “ताई, कुणी शिकवलं हे?” दुसऱ्या दिवसापासून गल्लीत बोलवा उठली, की या विरुद्ध पार्टीच्या आहेत. टँकर दोन खेपा आलाच नाही. शेजारणींनीच त्यांना सुनावलं. नोंद ठेवणाऱ्या बहुतेक गटांचा शेवट इथेच होतो, आणि तो टँकर बंद होईल या भीतीने होतो. म्हणून नोंद एका घरात ठेवायची नाही, निदान पाच घरांत ठेवायची, आणि सही सगळ्यांची हवी.

दुसऱ्या वेळी अकरा घरांनी सह्या केल्या आणि माहिती अधिकाराचा अर्ज दिला. शुल्क १० रुपये, उत्तर द्यायची मुदत ३० दिवस. मागितलं मोजकं: त्या आठ तारखांचं व्हॉल्व्ह रजिस्टर, वसाहतीतल्या टँकरच्या खेपांची नोंदवही, आणि मागच्या वर्षीच्या पाइपलाइनच्या कामांची मोजमाप पुस्तिका. ‘पाणी का येत नाही’ असं अर्जात विचारलं की अर्ज वाया जातो. ‘का’ ला उत्तर द्यायला कुणी बांधील नसतं. तारीख, रजिस्टर, पान असं मागावं लागतं. रजिस्टरात वेळा बरोबर होत्या. कॅलेंडरवरच्या वेळा वेगळ्या होत्या. दोन्ही कागद शेजारी ठेवल्यावर कनिष्ठ अभियंता, तोच ज्याला घागरीने आंघोळ घालायची होती, स्वतः रात्री जागेवर आला. व्हॉल्व्ह सहा आटे उघडा सापडला.

त्याने काय केलं ते साधंच: व्हॉल्व्हच्या खोक्यावर रंगाने पूर्ण बंदची खूण केली आणि आट्यांची संख्या लिहिली. पाळीची वेळ आदल्या संध्याकाळी व्हॉट्सॲपवर टाकायची कबुली दिली. ती तीन वेळा पाळली गेली, चौथ्या वेळी नाही, मग पुन्हा सुरू झाली. मागच्या गल्लीत अजून पूर्ण दोन तास पाणी येत नाही, पण हवा येणं थांबलं. जलकुंभाची मागणी तशीच पडून आहे.

महिन्याभरात ओढ्याच्या पुलावर फलक लागला: ‘अण्णांच्या पाठपुराव्याला यश’. त्या दोघींनी तो पाहिला आणि काही बोलल्या नाहीत. फलकाखालून जाऊन घरी आल्या आणि त्या दिवसाच्या चौकटीत लिहिलं: आलं रात्री २:४०, गेलं ४:१५, दोन बॅरल आणि तीन घागरी.